गुलमंडीजवळ जुन्या वाड्यात दोन खोल्या बघितल्यात, घ्याव्यात का?

दुधनाकाठचा | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मूळ गाव सेलू. वाळूजला कंपनीत लागून चार महिने झाले. सध्या पंढरपुरात (वाळूजजवळच्या, विठोबाच्या नाही) मित्राच्या खोलीत तिघं राहायलोय. आता बायको येणार आहे आणि बहिणीचा औरंगपुऱ्यातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला नंबर लागलाय, म्हणून संभाजीनगर शहरात घर बघायलोय. सिडकोत आणि गारखेड्यात भाडं ऐकलं की पाणी प्यायचं आणि निघायचं, असं चाललंय.

काल एका ओळखीच्यानं गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक वाडा दाखवला. दगडी चौकट, आत ढाळज (दाराजवळची बैठकीची जागा), मग चौक. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकाला एक लांबट पट्टी. पट्टीवर स्लॅब आहे, नंतर घातलेला. दोन्ही खोल्यांवर मात्र सागवानी तुळया आणि माळवद, म्हणजे मातीचं छत. खोलीत पाऊल टाकलं आणि बाहेरचं ऊन विसरलो, इतकी गार. भिंत हातभर जाड, दोन देवळ्या, एक मोठं फडताळ. मला तर तिथंच सामान लावावं वाटलं.

भाडं ६,५०० रुपये, लाईट बिल वेगळं. डिपॉझिट ३०,००० आणि ते रोख. संडास खाली, दोन घरांत मिळून एक. जिना लाकडी आणि उभा, धरायला वरून दोर सोडलाय. नळ पाच-सहा दिवसांनी येतो म्हणे. ज्या काकांनी खोल्या दाखवल्या ते म्हणाले, ‘करार शंभराच्या बाँडवर करून टाकू, अकरा महिन्यांचा. आपल्या माणसांत कागद कशाला लागतो.’

बहिणीला कॉलेज पायी, बायकोला बाजार दारात, मला बाबा चौकातून कंपनीची बस. आई मधून मधून येईल, तिचे गुडघे दुखतात, तेवढी जिन्याची अडचण. जुन्या शहरात राहिलेल्यांनी सांगा, काय बघू? शनिवारी टोकन द्यायचं ठरलंय.

---

गुलमंडीची सून | सोमवार, रात्री ११:२०

भाऊ, लग्न होऊन एकतीस वर्षं वाड्यातच राहते, म्हणून हक्कानं सांगते. खोल्या दुपारी बघू नका. ज्या दिवशी नळ येणार त्या दिवशी जा. इकडं कधी रात्री दोनला येतो, कधी पहाटे. त्या वेळी चौकात उभं राहायचं आणि बघायचं: नळ कितीजणांत एक, मोटार कोणाची, पहिला नंबर कोणाचा, वरच्या मजल्यावर पाणी कोण चढवतं. मोटार मालकाची आणि लाईट बिल तुमचं असं असेल तर आत्ताच बोलून घ्या. जुन्या शहरात खोली भाड्यानं मिळते, पाण्याचा नंबर मिळेलच असं नाही. भांडणं भाड्यावरून होत नाहीत हो, पाण्यावरून होतात.

तिघांना पाच-सहा दिवस पुरवायचं म्हणजे हजार लिटर तरी साठवायची सोय पाहिजे. प्यायचं वेगळं. आमच्याकडं चौकात हौद आहे, जुना. त्यात नहरीचं पाणी यायचं असं सासरे सांगायचे. मलिक अंबरानं खडकी वसवली तेव्हा नहर बांधली, ते पाणी मातीच्या नळांतून खेळवलेलं. तसल्याच, पण नंतरच्या दुसऱ्या नहरीचं पाणी पाणचक्कीवर अजून बघायला मिळतं. आता त्या हौदात टँकर रिता करतो आम्ही.

आणि एक, फरशी बघा. शहाबादी असेल तर तिच्यावर बादलीच्या बुडाचे पांढरे गोल डाग आहेत का ते बघा. असले तर पावसाळ्यात तिथं बादली ठेवत होते.

---

मेसचा डबा | सोमवार, रात्री ११:३८

फ्रीज मोजून घ्या आधी. माझा मित्र रंगारगल्लीत राहायला गेला, फ्रीज जिन्याच्या वळणावर अडकला तो अर्धा दिवस. ना वर जाईना ना खाली येईना. शेवटी दोर बांधून गच्चीवरून ओढला, सगळी गल्ली बघायला. सिलिंडरवाला पण वर चढवायचे वेगळे पैसे मागतो.

---

बॅचलर नं. १३ | मंगळवार, सकाळी ८:०५

तुम्हाला जागा दाखवली तरी, नशीबवान आहात. मला फोनवर आधी ‘फॅमिली का?’ विचारतात, मग ‘खाणं काय?’, मग आडनाव. आडनाव सांगितलं की, ‘अरे, ती खोली कालच गेली.’ दोन महिन्यांत अकरा खोल्या कालच गेल्या माझ्या.

---

गुलमंडीची सून | मंगळवार, सकाळी ८:५०

@बॅचलर, खोटं नाही ते. आमच्या गल्लीतही आहे. आमच्याच घरात यावरून वाद झालेत. मी जिंकले एकदाच, पण तो मुलगा सहा वर्षं राहिला आणि लग्नाचं बोलावणं घेऊन आला.

---

तुळई | मंगळवार, दुपारी १:१५

मी सिव्हिलचा माणूस, जुनी घरं दुरुस्त करणं हेच काम. एक प्रश्न: त्या खोल्यांच्या वर, माळवदावर, पाण्याच्या टाक्या आहेत का? असल्या तर किती लिटरच्या आणि नेमक्या कुठं ठेवल्यात?

विचारतो अशासाठी की हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. माळवद म्हणजे तुळयांवर किलचण (आडव्या बारीक लाकडांचा थर), त्यावर फळ्या नाहीतर पाला, आणि त्यावर माती. फूटभर माती असेल तर चौरस मीटरला साधारण अर्धा टन ती स्वतःच होते, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी वरून पांढरी माती टाकत गेलं की थर वाढत जातो. ज्या सुतारानं त्या तुळया बसवल्या त्यानं माती आणि वर पापड वाळवणारी चार माणसं एवढाच हिशोब धरला होता. नळ रोज येत होता किंवा आड होता, तेव्हा वर टाकी ठेवायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. नळ आठवड्यानं यायला लागला आणि प्लास्टिकच्या टाक्या स्वस्त झाल्या, तशा त्या माळवदावर चढल्या. जुनी घरं म्हातारपणानं कमी आणि अशा ओझ्यानं जास्त बसतात, हे मी रोज बघतो.

दुसरं, तुळईचं मधलं अंग बघून फसू नका. ते शंभर वर्षांनीही चकचकीत दिसतं. तुळई भिंतीत जिथं शिरते ते टोक बघा. भिंत ओली राहते, टोक कुजतं, वाळवी तिथूनच लागते. खुर्चीवर चढून पेचकसाची टोच मारून बघा. टणटण वाजलं तर ठीक. आणि वर नवीन पीओपी किंवा पत्र्याचं आढं मारून छत झाकलेलं असेल, तर झाकण्यासारखं काय होतं ते आधी विचारा.

---

दुधनाकाठचा | बुधवार, रात्री ९:३०

आज संध्याकाळी सुट्टी झाल्यावर परस्पर गेलो, पेचकस खिशात घेऊन. काका घरी नव्हते, काकूंनी उघडून दिलं.

१) टाक्या आहेत. एक हजाराची, एक पाचशेची. दोन्ही मोठ्या खोलीच्या बरोब्बर मधोमध, म्हणजे जिथं मी मनातल्या मनात पलंग टाकला होता तिथं वर. खाली विटांचे तीन थर.

२) सूनबाईंनी सांगितलं तसं फरशीवर बघितलं. दोन गोल डाग. एक बादलीएवढा, एक पातेल्याएवढा. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘आधीची लेकरं रंग कालवायची.’

३) तीन तुळयांची टोकं टणटण वाजली. चौथी, रस्त्याच्या बाजूची. पेचकस गुळाच्या ढेपेत शिरावा तसा शिरला. बोटाचं पहिलं पेर जाईल इतका. मी घाईघाईत बाहेर काढून भोक बोटानं दाबून बुजवलं, जणू माझ्यामुळंच झालं.

तरीपण मन तिथंच अडकलंय. भाडं वाजवी आहे हो. टाक्या खाली घ्यायला लावल्या आणि त्या तुळईला टेकू दिला तर चालेल का?

---

औसा रोड | बुधवार, रात्री १०:१०

मालक, मी लातूरचा. आमच्याकडं माळवद म्हटलं की अंगावर काटा येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ चा भूकंप. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. मी आठ वर्षांचा. आमचं गाव किल्लारीपासून लांब, म्हणून वाचलो, पण मामाचं घर त्या पट्ट्यात. हातभर जाड दगडाच्या भिंती, वर माती. माणसं मातीखाली दबून गेली. ५२ गावं पुरती नव्या जागी बसवली सरकारनं. आजही आमची आई पाहुण्यांकडं माळवदाखाली झोपत नाही, ओसरीवर टाकते. गारव्याचं कौतुक मला सांगू नका. माझ्या घरावर स्लॅब आहे, मेमध्ये भट्टी होते, मी कूलर लावतो.

---

तुळई | बुधवार, रात्री ११:००

@औसा रोड, तुमच्या आईंचं बरोबर आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. फक्त नोंद म्हणून: तिथं माणसं गेली त्यात मोठा वाटा भिंतींचा होता. आतला एक थर, बाहेरचा एक थर, मधे चिखल आणि बारीक दगड, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळपास नाहीतच. हादऱ्यानं भिंत फुगून फुटली आणि वरची माती खाली आली. काही घरांत लाकडी धारणांचा (खांबांचा) सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या पडल्या, असंही झालं. म्हणून वाडा बघताना मी आधी बघतो की तुळयांचा भार लाकडी खांबांवर आहे का भिंतीवर. भिंतीला पोट आलंय का ते ओळंबा सोडून बघायचं. ओळंबा नसेल तर दोरीला कुलूप बांधा.

@दुधनाकाठचा, टेकू देणं हे मालकाचं काम, भाडेकरूचं नाही. आणि एक टोक गेलंय म्हणजे त्या भिंतीत पाणी कुठूनतरी येतंय, ते बंद केल्याशिवाय टेकूचा उपयोग दोन पावसाळे. इमारत ३० वर्षांवरची असेल तर रचनेची तपासणी करून प्रमाणपत्र घेण्याची तरतूद महापालिका कायद्यात आहे, कलम २६५-अ. वाड्यांचं असं कोणी करत नाही ही वेगळी गोष्ट. पण ‘तपासणी झालीय का?’ एवढं विचारलं तरी समोरच्याचा चेहरा बरंच सांगतो.

---

पुढची पेशी | गुरुवार, सकाळी ७:४०

तुळयांचं झालं असेल तर कागदाचं बोलू. बावीस वर्षं कोर्टात कारकुनी केलीय, वकील नाही, पण वाड्यांच्या इतक्या फायली वाहिल्यात की खांदा दुखतो.

पहिला प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही: ते काका मालक आहेत का?

हसू नका. जुन्या शहरात ‘दाखवणारा’ आणि ‘मालक’ हे दोन वेगळे प्राणी असतात. वाडा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन चाळीस वर्षं, वारस सतरा, त्यातले सहा पुण्यात आणि एक अमेरिकेत. चावी ज्याच्याकडं तो मालक. किंवा त्याहून भारी, चावीवाला हा स्वतःच जुना भाडेकरू आणि वरच्या खोल्या पोटभाड्यानं देतोय. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मना आहे, आणि त्याच कारणावरून मालक जुन्या भाडेकरूला बाहेर काढू शकतो. तो गेला की त्याच्याबरोबर तुम्हीही. तुमचे ३०,००० रोख दिलेले. कोणाला मागाल?

बघायचं असं. घरपट्टीची पावती मागा, नाव बघा. लाईट बिल मागा, नाव बघा. आणि मालमत्ता पत्रक काढा, ज्याला सगळे पी.आर. कार्ड म्हणतात. शहरातल्या गावठाणात सातबारा नसतो, हेच असतं, ऑनलाईन निघतं. तिन्ही नावांत काकांचं नाव कुठंच नसेल तर चहा पिऊन उठायचं.

शंभराच्या बाँडबद्दल: पहिलं म्हणजे हल्ली तो पाचशेचा झालाय, काकांचा बाँड जुना दिसतोय. दुसरं, नोटरी केलेला बाँड म्हणजे नोंदणी नव्हे. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही ही समजूत इतकी घट्ट आहे की वकिलांच्या घरातही अकराचाच करतात. नोंदवायची जबाबदारी मालकाची, न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसताना वाद झालाच, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत.

खर्च काही नाही हो. मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटचे वर्षाला १० टक्के, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक. तुमचं अकरा महिन्यांचं भाडं ७१,५०० आणि डिपॉझिटचे २,७५० असे ७४,२५० धरले तर मुद्रांक दोनशेच्या आतबाहेर. शहरात नोंदणी फी १,०००. घरबसल्या आधार आणि अंगठा लावून होतं. करून देणाराचे पैसे वेगळे. एवढ्यासाठी जो माणूस टाळाटाळ करतो, त्याला पैशाची अडचण नसते, नावाची असते.

---

माझाही वाडा आहे | गुरुवार, दुपारी १२:२५

सगळे मालकाला चोर ठरवून मोकळे. जरा माझंही ऐका.

राजाबाजारकडं आमचा वाडा. वडिलांनी १९७४ साली तीन खोल्या भाड्यानं दिल्या. आज त्या खोल्यांचं भाडं किती माहिती आहे? महिन्याला १८० रुपये. भाडेकरूचा मुलगा गाडीनं येतो, पण १८० मनिऑर्डरनं पाठवतो, हातात देत नाही. मागच्या पावसाळ्यात चौकाकडची भिंत पडली. बांधायला दीड लाख लागले. १८० नं दीड लाख फेडायला किती वर्षं लागतात ते काढा. पेशीसाहेब सांगतील, कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे. १८० चे ४ टक्के म्हणजे सात रुपये वीस पैसे. त्यात एक कटिंग चहा येत नाही.

मग मी नवीन भाडेकरू कसा ठेवायचा? मला भीती वाटते. बाँडवर करतो, अकरा महिन्यांनी खोली रिकामी करून घेतो. चूक असेल. पण भीती कुठून आली ते पण बघा.

---

पुढची पेशी | गुरुवार, दुपारी ३:०५

@माझाही वाडा, तुमची कळ समजते, फायलीत रोज वाचतो. मराठवाड्यात भाड्याचा कायदाच वेगळा होता, १९५४ चा हैदराबादचा. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो तरी भाड्यापुरते हैदराबादेतच राहिलो, पार ३१ मार्च २००० पर्यंत. त्या दिवशी नवा कायदा लागू झाला. तुमचा १८० वाला त्या जुन्या जमान्यातला आहे, त्याला हलवणं अवघड.

पण भीतीपोटी तुम्ही जे करताय त्यानं नवा भाडेकरू जुन्याइतकाच घट्ट होऊ शकतो. बाँड नोंदवलेला नसेल आणि तो उठून म्हणाला की ‘मी लीव्ह अँड लायसन्सवाला (म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायचा परवाना असलेला) नाही, भाडेकरू आहे’, तर सिद्ध तुम्हाला करावं लागेल. उलट नोंदवलेला लीव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं. खोली सोडली नाही तर दुप्पट भाड्यानं नुकसानभरपाई. म्हणजे कागद भाडेकरूपेक्षा तुमच्याच कामाचा आहे. आठ वर्षं मी हे एका मालकाला सांगतोय, ते दरवेळी ‘बरं’ म्हणतात आणि बाँड घेऊन येतात.

---

माझाही वाडा आहे | गुरुवार, दुपारी ३:४०

बरं.

---

गुलमंडीची सून | गुरुवार, दुपारी ४:१५

हसून हसून डोळ्यात पाणी आलं.

लाईटचं राहिलं. मीटर वेगळं आहे का बघा. तीन घरांत एक मीटर आणि ‘युनिटप्रमाणं वाटून घेऊ’ असं असलं तर फसाल. १०० युनिटांपर्यंत दर कमी, त्यापुढं ३०० पर्यंत जास्त. तुम्ही एकटे नव्वद जाळले तर स्वस्तात. पण तिघांचे नव्वद-नव्वद एकाच मीटरवर आले की २७०, त्यातले १७० महागड्या दरानं. वरून चौकातला दिवा आणि मोटार. आमच्याकडं सबमीटर होतं, त्याचं बिल आणि खरं बिल कधी जुळलं नाही, आणि दर महिन्याला माझ्या जावेचं तोंड सुजायचं.

---

मेसचा डबा | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

पेचकसवाले भाऊ, शनिवार आला. टोकन दिलं का?

---

दुधनाकाठचा | रविवार, सकाळी १०:२०

नाही दिलं. सविस्तर सांगतो.

शुक्रवारी काकांना फोन केला, म्हटलं करार ऑनलाईन नोंदवू, खर्च अर्धा मी देतो. घरपट्टीची पावती तेवढी दाखवा. ते म्हणाले, ‘पावती भावाकडं आहे, भाऊ जालन्याला आहे.’ लाईट बिल? ‘ते मामाच्या नावावर आहे.’ मग मी मुकाट मालमत्ता पत्रक काढलं. त्यावर जी तीन नावं आहेत त्यात काकांचं आडनावच नाही.

शनिवारी टोकन द्यायला म्हणून गेलो ते थेट काकांकडं गेलो नाही. चौकात समोरच्या घरात एक आजी गहू निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, ‘आजी, वाडा कोणाचा?’ आजींनी सुपातनं मान वर न काढता सांगितलं, ‘वाडा त्यांचा नाही बाबा. त्यांचे वडील इथं भाड्यानं आले, मी नवी नवरी होते तेव्हा. मालकांची लेकरं पुण्यात. कोर्टात चाललंय.’ मग जरा थांबून, ‘तुझ्याआधी दोघं येऊन गेले. एकाचं डिपॉझिट अजून फिरतंय.’

काकांना सांगितलं, जमत नाही. त्यांनी विचारलं नाही का. नुसतं म्हणाले, ‘तुमचं नशीब. इतकी गार खोली मिळायची नाही.’ हे मात्र खरं बोलले.

राग नाही आला मला. ते स्वतः त्याच तुळईखाली राहतात, खालच्या मजल्यावर, दोन लेकरांना घेऊन. वर जी हजाराची टाकी आहे ती त्यांचीच आहे. निघताना मी त्यांना तुळईचं सांगितलं, पेचकसाचं पण कबूल केलं. म्हटलं टाकी तरी खाली घ्या. ते म्हणाले, ‘खाली घेतली तर वर पाणी कसं जाईल?’ मला उत्तर देता आलं नाही.

---

तुळई | रविवार, सकाळी ११:०५

उत्तर आहे. टाकी मधून उचलून आतल्या भिंतीच्या डोक्यावर सरकवायची, खाली दोन लोखंडी गर्डर आडवे टाकून, म्हणजे वजन तुळईवर न येता भिंतीवर उतरतं. ती भिंत धड आहे का ते आधी कोणीतरी बघायला हवं. आणि हजाराऐवजी वर दोनशेची, मोठा साठा खाली. दोनशेची वर रोज भरावी लागते, एवढाच त्रास. मी त्या बाजूला येणार आहे पुढच्या आठवड्यात, काकांना म्हणावं बघून देतो, पैसे नको. मला व्यक्तिगत निरोप करा.

---

औसा रोड | रविवार, सकाळी ११:३०

@तुळई, हे काम लवकर करा साहेब. पावसाच्या आधी.

---

दुधनाकाठचा | तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री ११:५०

घर मिळालं, म्हणून कळवतो. गुलमंडीच्याच अंगाला, पण दोन गल्ल्या सोडून. तळमजला, १९९० नंतरचा स्लॅब, मागं छोटी मोरी आणि संडास स्वतःचा. आईला जिना नाही. मालकीणबाई वर राहतात, घरपट्टीची पावती मागायच्या आधीच पुढ्यात ठेवली. भाडं ७,५००. डिपॉझिट १५,००० खात्यावर टाकलं. करार ऑनलाईन नोंदवला, मालकीणबाईंचा अंगठा तीनदा उमटेना, भांडी घासून रेषा गेल्यात म्हणाल्या. चौथ्यांदा उमटला. पोलिसांकडं भाडेकरूची माहितीपण त्यांनीच मुलाकडून भरून घेतली.

खोली गार नाही. दुपारी भिंत तापते, बहीण अभ्यासाला ग्रंथालयात पळते. देवळी नाही, फडताळ नाही, मोबाईलची रेंज मात्र फुल. बायकोला आवडलं. मला अजून ती हातभर भिंत आठवते.

तुळईसाहेब येऊन गेले त्या वाड्यात. टाकी सरकवली, पाचशेची खाली चौकात आणली. त्या कुजक्या टोकाखाली लोखंडी खांब उभा केलाय, मालकांच्या पुण्याच्या मुलानं अर्धे पैसे पाठवले हे सगळ्यात आश्चर्य. कोर्ट चालूच आहे. काकांनी मला चहाला बोलावलं होतं, गेलो. वरच्या खोल्या रिकाम्याच ठेवल्यात.

बाकीचं नंतर लिहितो, खाली नळाचा आवाज आला. आज आमचा पहिला नंबर आहे.

---

बॅचलर नं. १३ | गुरुवार, सकाळी ७:१५

अभिनंदन भाऊ. तुमच्या मालकीणबाईंकडं अजून एखादी खोली आहे का? आडनाव आधीच सांगून विचारा.

---

दुधनाकाठचा | गुरुवार, संध्याकाळी ७:४०

विचारलं. मागच्या अंगणातली एक खोली आहे, पत्र्याची, पुढच्या एक तारखेला रिकामी होते. आडनाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘ते राहू दे, पाणी भरायला रात्री उठतो का तेवढं विचार.’